प्रतीत्यसमुत्पाद व शून्यता : विदर्भांतील कांहीं साधनें

ज्ञानेश्वरीच्या आरंभीं जो गणेश वर्णिला आहे त्याच्या एका हातांत मोडका दांत आहे, आणि तो मोडका दांत म्हणजे वार्तिककारांनीं खंडिलेलें बौद्धमत, असा त्या रूपकाचा अर्थ आहे. महाराष्ट्रांतील शिकल्यासवरल्या माणसाची बौद्ध तत्त्वज्ञानाशीं पहिली ओळख पुष्कळदां या मोडक्या दांतापासूनच होते. पुढें ज्यास संस्कृताचें वळण लागतें तो शांकरभाष्याकडे जातो, व ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत त्यास असें आढळतें कीं, आचार्यांनीं सर्वास्तिवादी व विज्ञानवादी यांच्याशीं विस्तारानें वाद केला, परंतु शून्यवाद्यांचा पक्ष सर्व प्रमाणांच्या विरुद्ध म्हणून त्याच्या खंडनाचे श्रमही घेतले नाहींत. प्रस्तुत लेखकाचा अभ्यास याच वाटेनें झाला. त्याचा परिणाम असा कीं, बौद्ध म्हणजे शून्यवादी आणि शून्यवादी म्हणजे सर्वच नाहीं म्हणणारा, हें समीकरण त्यानें तीस वर्षें वर्गांत सांगितलें.

एकदां दहावीच्या वर्गांत हें सांगत असतां मागल्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरीं १९५६ पासून बुद्धवंदना चालत आलेली. "सर, सगळंच शून्य असेल तर बाबासाहेबांनी आमच्या आजोबांना बुद्धाकडे नेलं ते कशासाठी?" असें त्यानें विचारलें. मीं त्यास आचार्यांचें मत ऐकविलें. तो "बरं सर" म्हणून खालीं बसला. सेवानिवृत्तीनंतर मूळ ग्रंथ उघडून बसलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या मुलाचा प्रश्न अगदीं बरोबर ठिकाणीं लागलेला होता व माझें उत्तर चुकलें होतें. हा लेख त्या उत्तराची दुरुस्ती होय. यांत नवा ताम्रपट किंवा नवी पोथी नाहीं. जीं साधनें छापलेलीं आहेत व जीं आपल्या जिल्ह्यापासून एका दिवसाच्या वाटेवर आहेत तींच पुन्हां वाचलीं आहेत.

प्रथम शब्द पाहूं. शून्य हा शब्द 'श्वि' या गतिवृद्धिवाचक धातूकडे नेतां येतो. त्या धातूपासून 'शून' म्हणजे सुजलेला, फुगलेला. बाहेरून फुगलेलें व आंतून पोकळ तें शून्य. अंगावर आलेली सूज खोटी नसते. ती दिसते, दुखते, तीस लेप लावावा लागतो. परंतु तिच्या आंत मांस वाढलेलें नसतें. व्युत्पत्तीवरून सिद्धांत काढूं नये हें खरें. तथापि शून्य म्हणजे केवळ अभाव, हा अर्थ शब्दांतच बसलेला आहे असें जे म्हणतात त्यांस इतकें उत्तर पुरे.

दुसरा शब्द प्रतीत्यसमुत्पाद. 'प्रतीत्य' हें 'प्रति' उपसर्गपूर्वक 'इ' धातूचें ल्यबन्त रूप. गांठून, अवलंबून, अपेक्षून असा त्याचा अर्थ. कारणांस अवलंबून उत्पन्न होणें तो प्रतीत्यसमुत्पाद. येथें वैयाकरणांनीं एक मोठी मौजेची हरकत घेतली व ती वसुबंधूनें अभिधर्मकोशाच्या भाष्यांत नमूद करून ठेविली आहे. पाणिनीच्या नियमाप्रमाणें (३।४।२१) हें पूर्वकालवाचक रूप तेव्हांच येतें, जेव्हां दोन्ही क्रियांचा कर्ता एक असतो व पहिली क्रिया आधीं घडलेली असते. 'न्हाऊन जेवतो' या वाक्यांत न्हाणारा व जेवणारा एकच, आणि न्हाणें आधीं. मग 'कारणांस गांठून उत्पन्न होतें' येथें गांठणारा कोण? जें अद्यापि उत्पन्नच झालें नाहीं तें कारणांस गांठणार कसें? आणि तें आधींच उत्पन्न झालेलें असेल तर पुन्हां उत्पन्न व्हावयाचें काय राहिलें? वसुबंधूच्या उत्तराचा मतलब असा कीं, 'तोंड उघडून निजतो' असेंही लोक म्हणतात. तेवढ्यावरून तोंड उघडण्याची क्रिया आधीं संपली व मग झोप आली असें कोणी समजत नाहीं.

ही हरकत केवळ शब्दाची दिसते, पण तशी ती नाहीं. क्रिया म्हटली कीं तिच्यामागें आधींपासून उभा असलेला कर्ता पाहिजे, ही भाषेची संवय आहे. आणि असा कर्ता नसतांही क्रिया घडते हेंच तर या सिद्धांताचें म्हणणें आहे. पाणिनीचें व्याकरण ज्यानें आयुष्यभर शिकविलें त्यास हें वाचतांना आपल्याच पायांखालची सतरंजी कोणी ओढीत आहे असें वाटतें. शालिस्तंबसूत्रांत हीच गोष्ट शेतकऱ्याच्या भाषेंत आली आहे. बीं, माती, पाणी, ऊब, वारा, अवकाश व ऋतु एवढें जुळून आलें म्हणजे अंकुर फुटतो. त्यांपैकीं बियास 'मी अंकुर उत्पन्न करतों' असें वाटत नाहीं, व अंकुरासही 'मला यांनीं उत्पन्न केलें' असें वाटत नाहीं. तें सूत्र भाताच्या रोपावरून सांगितलें आहे. आमच्या बीबीकडील काळ्या रानांत कपाशी, तूर व अलीकडे सोयाबीन. पण मृगाचा पाऊस पंधरा दिवस लांबला म्हणजे घरांतील उत्तम बियाणें म्हणजे कांहीं पीक नव्हे, हें येथें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं.

आतां नागार्जुन. त्याच्या मध्यमकशास्त्रांत २७ प्रकरणें व सुमारें साडेचारशें कारिका आहेत. चंद्रकीर्तीच्या प्रसन्नपदा टीकेसह हा ग्रंथ ला व्हाले पूसें यांनीं १९०३ ते १९१३ या काळांत सेंट पीटर्सबर्ग येथून प्रसिद्ध केला, व पुढें १९६० मध्यें आपल्या डॉ. प. ल. वैद्यांनीं त्याची देवनागरी आवृत्ति दरभंग्याहून काढली. त्यांतील चोविसावें प्रकरण आर्यसत्यपरीक्षा. आरंभीं पूर्वपक्षी म्हणतो : सर्व शून्य असेल तर उत्पत्ति नाहीं, विनाश नाहीं, मग दुःख व दुःखाचें कारण, निरोध व मार्ग हीं चारी सत्यें बुडालीं, तीं बुडालीं म्हणजे धर्म व संघ बुडाला, बुद्धही बुडाला, आणि लोकांतील देवघेव, पापपुण्य सर्वच बुडालें. वाचकांच्या लक्षांत येईल कीं माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न तो हाच. फरक एवढाच कीं, नागार्जुनानें प्रश्न प्रतिपक्ष्याच्या तोंडीं घालून स्वतः उत्तर दिलें, आणि मीं प्रतिपक्ष्याचाच मुद्दा उत्तर म्हणून दिला.

नागार्जुनाचें उत्तर असें कीं, आपण शून्यतेचा अर्थच चुकीचा घेतलात व मग तिजवर दोष लादलात. जें कारणांस अवलंबून उत्पन्न होतें त्यासच आम्हीं शून्य म्हणतों. शून्य म्हणजे स्वभावशून्य. ज्यास दुसऱ्या कशाचीही अपेक्षा न ठेवतां आपल्या ठायींच असलेलें, न बदलणारें रूप नाहीं तें. हें मत टाकून वस्तूंस असा स्वभाव आहे असें धराल तर उलट तुमचींच चारी सत्यें बुडतील. दुःख स्वभावानेंच असेल तर तें कशापासून उत्पन्न झालें नाहीं, म्हणून कशानें नाहींसेंही होणार नाहीं. अज्ञान्याचा स्वभाव अज्ञान असेल तर तो कधींही ज्ञानी होणार नाहीं. मार्ग चालून कांहीं साधावयाचें उरत नाहीं. ज्यास शून्यता जुळते त्यास सर्व जुळतें, ज्यास ती जुळत नाहीं त्यास कांहींच जुळत नाहीं. याच प्रकरणांत त्यानें बजाविलें आहे कीं, वेड्यावांकड्या रीतीनें धरलेली शून्यता ही चुकीच्या ठिकाणीं पकडलेल्या सर्पासारखी मंदबुद्धीच्या माणसाचा घात करते.

ती वेड्यावांकड्या रीतीनें कशी धरली जाते, याचें चंद्रकीर्तीनें एक उदाहरण दिलें आहे. दुकानदार गिऱ्हाइकास म्हणाला, "तुला देण्यास माझ्याजवळ कांहीं नाहीं." गिऱ्हाईक म्हणालें, "बरें, तें 'कांहीं नाहीं' नांवाचें जें आहे तेंच मला द्या." शून्यता ही स्वतःच एक वस्तु, सर्वांच्या तळाशीं असलेलें एक तत्त्व, असें जे समजतात ते या गिऱ्हाइकाच्या जातीचे. नागार्जुनानें तर त्यांस असाध्य रोगी म्हटलें आहे. याचा अर्थ, शून्यतेस अभाव समजणें जसें चूक तसें तीस ब्रह्मासारखें अधिष्ठान समजणेंही चूक. आमच्यांतील कांहीं सज्जन समन्वयाच्या भरांत शून्य व ब्रह्म एकच असें सांगतात. त्यांचा हेतु चांगला, पण नागार्जुनास तो मान्य झाला नसता.

या नागार्जुनाचा विदर्भाशीं संबंध काय? तिबेटी इतिहासकार बु-स्तोन यानें १३२२ मध्यें लिहिलेल्या ग्रंथांत त्याचा जन्म दक्षिणेंत विदर्भ देशीं एका निपुत्रिक श्रीमंत ब्राह्मणाच्या घरीं झाला असें म्हटलें आहे. मूल सात दिवसच जगेल असें भविष्य झालें. ब्राह्मणभोजनें घालून तें सात महिने व मग सात वर्षें लांबविलें गेलें. शेवटीं मुलाचा मृत्यु डोळ्यांनीं पाहणें नको म्हणून आईबापांनीं त्यास घराबाहेर धाडिलें, व फिरत फिरत तो नालंदास पोंचला. युआन च्वांग हा चिनी यात्रेकरू सातव्या शतकांत कोसल देशाच्या वर्णनांत सांगतो कीं, तेथील सातवाहन राजानें नागार्जुनासाठीं डोंगर कोरून विहार केला. येथेंच सिंहलाहून आलेल्या देवापुढें नागार्जुनानें पाण्यानें भरलेलें पात्र पाठविलें व देवानें त्यांत एक सुई टाकून तें परत केलें. कनिंगहॅमनें हा कोसल म्हणजे विदर्भ असें ठरविलें होतें. हल्लीं विद्वान् तो छत्तीसगडकडे नेतात, आणि तेंच अधिक संभवनीय आहे. सातवाहन राजास लिहिलेलें म्हणून प्रसिद्ध असलेलें सुहृल्लेख नांवाचें पत्र आहे. पण तो राजा कोणता हें निश्चयानें ठरत नाहीं.

रामटेकजवळ नागार्जुन टेकडी आहे. तेथून जवळच मनसर येथें भदन्त सुरई ससाई यांच्या पुढाकारानें १९९८ पासून मोठें उत्खनन झालें. त्यांत निघालेले अवशेष मुख्यतः वाकाटकांचे आहेत असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. शिवाय रसायनविद्येचा नागार्जुन निराळा व माध्यमिक नागार्जुन निराळा. लोककथेंत दोघे एक झाले आहेत. तेव्हां एवढेंच म्हणतां येतें कीं, चौदाव्या शतकांत तिबेटांत जी परंपरा पोंचली होती तींत त्याची जन्मभूमि विदर्भ होती. तिजवर याहून अधिक भार घालणें म्हणजे देशाभिमानानें इतिहास लिहिणें होय. विदर्भांत बौद्धांची वस्ती फार जुनी, यास मात्र आतां नवा पुरावा आहे. आपल्याच जिल्ह्यांत संग्रामपूर तालुक्यांत, पूर्णेच्या खोऱ्यांत भोन येथें डेक्कन कॉलेजचे डॉ. भा. चं. देवतारे यांनीं या शतकाच्या पहिल्या दशकांत केलेल्या उत्खननांत विटांचा स्तूप निघाला, व तो मौर्यकाळाइतका मागें जातो असें त्यांचें मत आहे. जिगांव धरणाच्या बुडीत क्षेत्रांत हें स्थळ येतें. त्याविषयीं आपल्या मंडळानें पूर्वींच बोलावयास पाहिजे होतें.

स्वभाव नाहीं म्हणजे वस्तु नाहीं असें नव्हे, याचें एक उदाहरण घराजवळचें देतों. बीबीहून लोणार जवळच. जून २०२० मध्यें तेथील सरोवराचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां दोन दिवसांत गांवोगांवच्या लोकांनीं शाप, कोप व अवतार येथपर्यंत मजल मारली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें नमुने तपासून सांगितलें कीं, उन्हाळ्यानें पाणी आटलें, खारेपणा वाढला, व खारट पाण्यांत जगणाऱ्या सूक्ष्म जीवांची वाढ होऊन त्यांच्या रंगद्रव्यानें हा रंग आला. पावसाचें पाणी मिळतांच तो ओसरला. गुलाबी रंग खोटा नव्हता. सहस्रावधि लोकांनीं तो पाहिला. पाण्याचा तो स्वभावही नव्हता. मग पूर्वींचा हिरवा रंग हा तरी स्वभाव होता काय? तोही दुसऱ्या सूक्ष्म वनस्पतींमुळेंच. असें एक एक विचारीत गेल्यावर 'खरें सरोवर' म्हणून वेगळें काय उरतें, हा प्रश्न नागार्जुनाच्या पद्धतीचा.

डॉ. आंबेडकरांनीं १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास धम्मदीक्षा घेतली. त्यांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध झाला. त्यांत अनित्यतेच्या विवेचनांत ते स्पष्ट म्हणतात कीं, बौद्धांची शून्यता म्हणजे सर्वनास्तिवाद नव्हे. क्षणोक्षणीं होणारें परिवर्तन एवढाच तिचा अर्थ. भूमितींतील बिंदूस लांबीरुंदी नसते, तरी तो असतो, तशी ती आहे. आणि या शून्यतेमुळेंच सर्व कांहीं शक्य होतें, ती नसती तर कांहींच शक्य झालें नसतें. चोविसाव्या प्रकरणांतील वर सांगितलेल्या कारिकेशीं या शेवटच्या विधानाचें साम्य कोणाच्याही नजरेस येण्यासारखें आहे. शून्यतेस केवळ परिवर्तन म्हणणें हें माध्यमिकांच्या मतापेक्षां अरुंद आहे, असा आक्षेप घेतां येईल, व तो मला मान्य आहे. परंतु ज्या समाजांत माणसाची पायरी हा त्याचा जन्मसिद्ध स्वभाव मानिला गेला, त्या समाजांत 'निःस्वभाव' हा शब्द नैयायिकांच्या वादापुरता राहत नाहीं. आजोबांना बुद्धाकडे कशासाठी नेलें, याचें उत्तर त्या मुलास देतां आलें असतें तें हें : तुझ्या आजोबांच्या कपाळीं जें लिहिलें म्हणून सांगत, तें कोणाच्या स्वभावांत नव्हतें, कारणांनीं आलें होतें, म्हणून कारणांनीं जाणारें होतें. हें मला चाळिशींत कळावयास पाहिजे होतें.

आतां अजिंठा. बुलढाण्याहून सकाळीं निघालें तर लेणीं पाहून सायंकाळीं परत येतां येतें. सोळावें लेणें वाकाटक राजा हरिषेणाचा प्रधान वराहदेव याचें. तेथील लेखांतील वंशावळी वाशीमच्या, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माच्या, शाखेची आहे. १९३९ मध्यें वाशीम येथें ताम्रपट सांपडल्यावर ती शाखा स्वतंत्र होती हें स्पष्ट झालें, व डॉ. वा. वि. मिराशी यांनीं तिचा इतिहास जुळविला. सतरावें लेणें हरिषेणाच्याच एका मांडलिकानें पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत कोरविलें. त्याच्या लेखांत त्याच्या घराण्याची नांवें आहेत, व मग अशी हकीकत आहे कीं, कृष्णदास राजास दोन पुत्र झाले; धाकटा रविसांब. अनित्यतेच्या वज्रानें त्यास पाडलें. भावाच्या शोकानें व्याकुळ झालेल्या थोरल्यानें अनित्यतेचीच भावना वाढवीत दानें दिलीं व हा एकाश्म मंडप मुनींद्राच्या चैत्यासह भिक्षुसंघास अर्पण केला. दगड झिजल्यानें त्या थोरल्याचें, म्हणजे दात्याचें, नांव आज वाचतां येत नाहीं. मेलेल्या भावाचें मात्र राहिलें आहे.

या लेण्याच्या ओसरीच्या डाव्या टोकाच्या भिंतीवर एक मोठें चक्र रंगविलेलें होतें. एकोणिसाव्या शतकांतील पहिल्या पाहुण्यांनीं त्यास राशिचक्र समजून लेण्यास तेंच नांव दिलें. १८२८ चे सुमारास आलेल्यांपैकीं एकानें त्यांतील चार आकृति भिंतीवरून सोलून काढण्याचा उद्योग केला व त्यांचा भुगा झाला. पुढें वॅडेल यांनीं तिबेटी मठांतील चित्रांशीं ताडून १८९२ व १८९४ च्या लेखांत दाखविलें कीं, हें भवचक्र होय. तिबेटांत तें मठोमठीं आहे; भारतांत टिकून राहिलेलें इतकें जुनें दुसरें उदाहरण माझ्या पाहण्यांत नाहीं. परिघावर बारा निदानें : अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाति व जरामरण. संस्कारासाठीं चाकावर मडकें घडविणारा कुंभार, विज्ञानासाठीं माकड. कुंभाराची निवड मार्मिक आहे. मडकें मातीत नव्हतें, चाकांत नव्हतें, कुंभाराच्या हातांतही नव्हतें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हें चित्र नागार्जुनाच्या पंथाचें नव्हे. अशा चक्राचें विधान मूलसर्वास्तिवाद्यांच्या विनयांत आहे, आणि धर्मांस स्वभाव मानणारे जे सर्वास्तिवादी, त्यांच्याच विरुद्ध मध्यमकशास्त्राचा रोख. वाद होता तो प्रतीत्यसमुत्पाद खरा कीं खोटा याविषयीं नव्हे, तर त्याचा अर्थ किती दूरवर न्यावयाचा याविषयीं. चक्र दोघांचेंही, त्याचे आरे व नेमि स्वतंत्र वस्तु आहेत काय, एवढाच तंटा.

दिव्यावदानांतील सहसोद्गत नांवाच्या अवदानांत या चक्राची उत्पत्तिकथा आहे. महामौद्गल्यायन हा निरनिराळ्या गतींत फिरून येऊन तेथील हाल लोकांस सांगे, व त्याच्याकडे लोकांची गर्दी लोटे. तेव्हां बुद्ध म्हणाले कीं, मौद्गल्यायन सर्वत्र व सर्वकाळ असणार नाहीं. म्हणून विहाराच्या द्वारकोष्ठकांत पांच गतींचें चक्र काढा. मध्यभागीं राग, द्वेष व मोह हे पारवा, सर्प व डुकर यांच्या रूपानें दाखवा, सभोंवतीं द्वादश निदानें उलटसुलट क्रमानें काढा, आणि सर्व चक्र अनित्यतेनें धरलेलें दाखवा. रविसांबाच्या भावानें ओसरींत हेंच चक्र कां काढविलें हें निराळें सांगणें नको.

कथा येथें संपत नाहीं. ब्राह्मण व गृहस्थ येऊन 'हें काय काढलें आहे?' असें भिक्षूंस विचारूं लागले. भिक्षूंस सांगतां येईना. तेव्हां दाराशीं एक भिक्षु नेमावा व त्यानें येणाऱ्याजाणाऱ्यास चक्र समजावून द्यावें, अशी आज्ञा झाली. संघानें कोणताही विचार न करतां अजाण, मूढ, अकुशल अशांसही तेथें नेमलें. ज्यांस स्वतःसच कळत नाहीं ते आलेल्यांस काय दाखविणार, असें म्हणून मग समर्थ असेल त्यासच नेमावें, अशी दुरुस्ती करण्यांत आली. डॉ. वैद्यांच्या १९५९ च्या आवृत्तींत हा भाग वाचतांना प्रस्तुत लेखकानें पुस्तक मिटून ठेविलें, व त्या दिवशीं पुढें वाचन झालें नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत पुन्हां सतराव्या लेण्यांत गेलों होतों. चक्राचा पुष्कळसा भाग गेला आहे. जें आहे तेंही अंधुक प्रकाशांत कष्टानें दिसतें. शेजारीं उभा असलेला एक वाटाड्या शाळेच्या सहलीस तें राशिचक्र म्हणून सांगत होता. मुलें पुढें गेल्यावर त्यास बाजूस घेऊन मीं कुंभार दाखविला.